शिष्यवृत्त्यांमागे धावण्यापेक्षा आधी कॉलेज नीट निवडा. पटते का?

फोंडेकर
बारावीचा निकाल लागला की आमच्या ग्रुपवर शिष्यवृत्त्यांच्या लिंका धडाधड येऊ लागतात. अमुक ट्रस्ट, तमुक कंपनी, शेवटची तारीख उद्या. पालक रात्री जागून फॉर्म भरतात. माझे मत सांगतो, शिव्या घालायच्या तर घाला: पैशाचा प्रश्न कॉलेजांचा पसंतीक्रम भरतानाच सुटतो किंवा कायमचा अडकतो. नंतरचे फॉर्म म्हणजे मनाचे समाधान.

हिशेब मांडतो. केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे. बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे दर शंभरातल्या ८० मुलांच्या पुढे) आणि घरचे उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत हवे. बी.टेक.ला पहिली तीन वर्षे १२ हजार आणि चौथ्या वर्षी २० हजार मिळतात. एकूण ५६ हजार. आता आपल्या गोव्यातली कुंकळ्ळीची एनआयटी, म्हणजे केंद्राचे अभियांत्रिकी कॉलेज घ्या. शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख. उत्पन्न एक ते पाच लाखांच्या मध्ये असेल तर त्यातले दोन तृतीयांश माफ, म्हणजे चार वर्षांत सुमारे ३ लाख ३३ हजार वाचले. उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर सगळेच माफ. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना उत्पन्न न बघता पूर्ण माफी. फर्मागुढीच्या आयआयटीतही हेच सूत्र, तिथे शुल्क दोन लाख असल्यामुळे सूट आणखी मोठी. आणि ही सूट कुणा ट्रस्टच्या मर्जीवर नाही, नियमात बसलात की मिळते.

तरी आमचे लोक 'ब्रँच चांगली मिळते' म्हणून पुण्या-बेळगावच्या खासगी कॉलेजात भरमसाट फी भरतात आणि मग शिष्यवृत्ती शोधत बसतात. उरलेल्या खर्चाला गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज आहेच. अजून काय पाहिजे?

वाळपईची मास्तरीण
फोंडेकरबाब, तुमच्या हिशेबात फक्त जेईईला, म्हणजे एनआयटी-आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेला बसलेली मुले आहेत. मी उच्च माध्यमिकला शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली साखळीला नाही तर खांडोळ्याला सरकारी कॉलेजात बी.ए., बी.कॉम. करतात. तिथे फी हा मोठा प्रश्नच नसतो. पैसे जातात बसला, पुस्तकांना, मोबाइलला. पुढे ताळगावला विद्यापीठात एम.ए.ला गेली की खोली आणि मेसचा खर्च. शिवाय ती शिकते तेवढे दिवस घरात तिचा पगार येत नाही, तो खर्च कुठल्या फॉर्मवर लिहायचा?

१२ हजार म्हणजे महिन्याला हजार. तुम्हाला किरकोळ वाटले तरी आमच्याकडे त्या हजारावर मुलगी कॉलेजात टिकते.

आणि कर्ज. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. नंतर पुन्हा सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले आणि परत सगळे थांबले. सत्तरी-डिचोलीत खनिज वाहायला घेतलेल्या ट्रकचे हप्ते थकलेली घरे मी बघितली आहेत. त्या घरात 'बिनव्याजी' म्हणून सांगून बघा. बाप एवढेच विचारतो, फेडायचे आहे ना? मग नको.

निवृत्त बँकवाला
दोघांनाही थोडे टोचतो.

मास्तरीणबाई, शैक्षणिक कर्ज म्हणजे ट्रकचे कर्ज नव्हे. ट्रकचा हप्ता दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. इथे कोर्स संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. बँकेच्या कर्जावर व्याज मात्र चालू असते, हे पालकांना कुणी नीट समजावत नाही. चार वर्षे दरवर्षी अडीच लाख उचलले आणि १० टक्के साधे व्याज धरले, तर पाचव्या वर्षाअखेर १० लाखांवर साडेतीन लाख चढलेले असतात. शिकत असतानाच महिन्याला जमेल तेवढे व्याज भरत गेलात तर पुढचा हप्ता पुष्कळ हलका होतो. माझ्या काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत असे, ऐकणारे थोडे.

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना मंजूर केली. ठरवून दिलेल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण नको, जामीनदारही नको. घरचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात तीन टक्के सवलत. साडेचार लाखांच्या आतल्या घरांतली मुले तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स करत असतील तर त्या काळाचे पूर्ण व्याज सरकार भरते. म्हणून फोंडेकर, 'महामंडळाचे कर्ज आहेच' एवढ्यावर थांबू नका, दोन्ही ताडून बघा.

नोकरी लागल्यावर भरलेल्या व्याजावर आठ वर्षे आयकर सूटही आहे, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली घेतली की ती गेली.

पेडण्याचा पोर
एवढा काथ्याकूट कशाला? आजोबा १९६१ च्या आधीचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मलेले असतील तर लिस्बनला जन्मनोंदणी करा आणि पोर्तुगीज पासपोर्ट घ्या. तिथल्या सरकारी विद्यापीठात पदवीला युरोपियन नागरिकाला वर्षाला जास्तीत जास्त ६९७ युरो फी. आमच्या वाड्यावरचे दोघे त्याच तयारीत आहेत.

फोंडेकर
आणि पदवीचे शिक्षण बहुतेक पोर्तुगीजमध्ये, ते कोण शिकणार? शिवाय दुसरे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. मग इथल्या शिष्यवृत्त्या, राखीव जागा, सगळे संपले. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचे) काढले तरी २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे नीट-जेईईच्या प्रवेशात फक्त एनआरआय किंवा जादा जागा मिळतात. एनआरआय जागांची फी एकदा बघून घे.

पेडण्याचा पोर
इथे परत येऊन शिकायचेच नसेल तर?

फोंडेकर
मग इंग्लंड म्हणशील. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, तिथे नव्याने शिकायला जाणाऱ्या युरोपियन पासपोर्टवाल्याला इतर परदेशी मुलांएवढीच फी लागते. तो दरवाजा बंद.

म्हापसा ते म्युनिक
वाचत होतो, राहवले नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे खरे. पण व्हिसासाठी ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात. तेवढे उभे करतानाच गोव्यातल्या बऱ्याच मुलांचे स्वप्न संपते. आणि जे. एन. टाटा एंडोमेंटचे नाव सगळे 'स्कॉलरशिप' म्हणून घेतात. १८९२ पासून चालणारी ती संस्था देते ते परतफेडीचे कर्ज. वाईट मुळीच नाही, पण फुकट समजून जाऊ नका. पदव्युत्तरला जाणाऱ्यांनी आपल्या सरकारची मनोहर पर्रीकर गोवन स्कॉलर्स योजना आधी बघावी. बारावीच्या मुलांना मात्र तिचा उपयोग नाही.

वाळपईची मास्तरीण
परत जमिनीवर येते. अर्ज चुकतात ते मुलांच्या आळसामुळे नव्हे, कागदांमुळे. आजोबांचे आडनाव पोर्तुगीज नोंदीत एका स्पेलिंगने, बापाच्या आधारवर दुसऱ्या, मुलीच्या दहावीच्या दाखल्यावर तिसऱ्या. बँक खाते आधारला जोडलेले नाही म्हणून पैसे परत जातात. उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून अर्ज मागे येतो. एका मुलीचे एका योजनेतले पैसे तिची वार्षिक परीक्षा झाल्यावर खात्यात पडले, तोवर बसचे पैसे मावशीने दिले होते. उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी, म्हणजे गरजू मुलांना मदत आहे, आदिवासी मुलांसाठी गगन भरारी योजना आहे. पण आदिवासी गावड्याच्या पोरीला ते कुणी सांगितलेलेच नसते.

निवृत्त बँकवाला
खाते जोडायचे काम बारावीच्या दिवाळी सुट्टीत उरका. निकालानंतर बँकेत रांग असते आणि आमच्या लोकांचे डोके तापलेले असते.

फोंडेकर
बाई, कागदांचे मान्य. पण मूळ मुद्दा तसाच राहतो. तुमच्या वर्गातली चार हुशार मुले जेईईला बसली तर लाखोंची माफी त्यांच्या हक्काची आहे. एनआयटीत गोव्याच्या मुलांना होम स्टेटच्या जागाही आहेत. त्यांना बी.ए.च्या १२ हजारांवर समाधान मानायला लावणे हासुद्धा अन्यायच ना?

वाळपईची मास्तरीण
समाधान मानायला कोण लावते? जेईईच्या क्लासची फी आमच्या कॉलेजातल्या तीन वर्षांच्या फीपेक्षा जास्त आहे, आणि क्लास म्हापशाला. संध्याकाळी क्लास सुटल्यावर वाळपईला पोचवणारी कदंब बस कुठली, ते मला सांगा. तिला शिष्यवृत्ती मिळत असेल तर फॉर्म मी आजच भरते.