एसजीओटी १४८ : व्यायामामुळे की अश्वगंधा-गोखरूमुळे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४१. आठवड्यातून चार दिवस वजनं उचलतो, शनिवारी पळतो. दारू नाही, रोजचं कुठलं औषध नाही. वार्षिक तपासणीत एसजीओटी १४८ आणि एसजीपीटी ९२ निघालं (लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स, दोन्हीची वरची मर्यादा साधारण ४०). बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) ठीक. डॉक्टरांनी विचारलं, "काही घेता का?" मी बिनधास्त "नाही" म्हणून मोकळा झालो. घरी येऊन कपाट उघडलं तर तीन डबे! झाडपाल्याला 'औषध घेणं' म्हणतात हे डोक्यातच आलं नव्हतं.

अश्वगंधा अर्क ३०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, अडीच महिने झाले. गोखरू, जिममधल्या मित्राच्या आग्रहाखातर, टेस्टोस्टेरॉन वाढतं म्हणून. आणि दीड महिन्यापासून एक 'फॅट बर्नर', त्यात ग्रीन टीचा अर्क आहे. किती, ते डब्यावर नाही. सगळ्या मिश्रणाचा मिळून एकच आकडा छापलाय.

अश्वगंधा वाचून सुरू केली होती. २०१५ च्या एका अभ्यासात ५७ पुरुषांपैकी निम्म्यांना हाच डोस ८ आठवडे दिला आणि त्यांची बेंच प्रेस इतरांपेक्षा जास्त वाढली. ती मंडळी वजनांच्या व्यायामात नवखी होती, मी सात वर्षं करतोय, हे मात्र सोयीस्करपणे नजरेआड केलं. माझी ताकद फारशी वाढली नाही, पण झोप खरंच सुधारली. म्हणून सोडवत नाहीये.

घोळ असा की रक्त सोमवारी सकाळी दिलं आणि रविवारी संध्याकाळी जड डेडलिफ्ट मारले होते. मग हे आकडे स्नायूंचे की लिव्हरचे? कसं ओळखायचं? सगळं बंद करून नंतर एकेक डबा पुन्हा सुरू करून पाहिला तर कळेल का?

लंगडा_घोडा :
एसजीओटी स्नायूंतही असतं, एसजीपीटीसुद्धा थोडं असतं. २००८ च्या एका अभ्यासात सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांकडून वजनं उचलून घेतली, तर दोन्ही आकडे निदान ७ दिवस वर राहिले. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. आठवडा-दहा दिवस वजनं बंद ठेवा, मग हीच तपासणी पुन्हा, सोबत सीके (स्नायूंचं एन्झाइम) आणि जीजीटी (लिव्हरचं). सीके खूप वर आणि जीजीटी नॉर्मल असेल तर बोट स्नायूंकडे जातं. पण व्यायाम आणि डबे एकदम बंद केलेत तर आकडे कशामुळे उतरले ते कळणार नाही, म्हणून सीके आजच करून घ्या. डबे मात्र त्यासाठी चालू ठेवू नका.

गोखरूचं म्हणाल तर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २२ रग्बी खेळाडूंवर ५ आठवडे प्रयोग झाला. गोखरू घेणाऱ्यांची ताकद न घेणाऱ्यांपेक्षा तसूभर जास्त वाढली नाही. मित्राला कळवा.

काढा_नको :
एकेक करून पुन्हा सुरू करायची कल्पना सोडा. लिव्हरला एखाद्या गोष्टीने खरंच इजा झाली असेल तर दुसऱ्या वेळी ती लवकर आणि जास्त जोरात होऊ शकते. अश्वगंधेमुळे कावीळ झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत, बहुतेकांना २ ते १२ आठवड्यांत त्रास सुरू झाला, खाज फार. तुम्ही त्याच टप्प्यात आहात. माझा खरा संशय मात्र तिसऱ्या डब्यावर. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की पूरक म्हणून घेतलेल्या ग्रीन टी अर्कातलं ईजीसीजी (त्यातला मुख्य घटक) दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा जास्त झालं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात. तुमच्या डब्यात किती, ते तुम्हालाच माहीत नाही! कपातला चहा वेगळा, तो प्या.

अश्वगंधेने थायरॉइडची हार्मोन्सही वाढू शकतात, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे.

धागाकर्ता :
दोघांचे आभार. कालपासून तिन्ही बंद. खाज नाही, लघवी नेहमीसारखी. सीके आणि जीजीटीसाठी आज रक्त दिलं, झोप मात्र पहिल्याच रात्री बिघडली. डॉक्टरांना डब्यांचे फोटो पाठवले. त्यांचं उत्तर एवढंच आलं : "तीन??"