व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची हाताने रंगवलेली प्रतिकृती वाचनालयाने स्वीकारावी का?

धागाकर्ता (आर्वी तालुका, जि. वर्धा)

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा नवा वाचनकक्ष तयार झाला असून, नागपुरात स्थायिक झालेल्या एका गावकऱ्याने त्याच्या दर्शनी भिंतीसाठी व्हॅन गॉगच्या ‘सूर्यफुले’ या चित्राची, मूळ मापाची आणि तैलरंगात हाताने रंगवलेली प्रतिकृती देऊ केली आहे. कार्यकारिणीत यावरून दोन तट पडले आहेत, म्हणून विषय येथे मांडतो.

ती स्वीकारावी, असे माझे मत आहे. छापील सूर्यफुले आपण कॅलेंडरांवर पुष्कळ पाहिली. पण फुलांच्या मधल्या चकत्या या चित्रकाराने रंगाचे जाड ठिपके टेकवून उभ्या केल्या आहेत आणि छपाईत तो सगळा उठाव सपाट होतो. खिडकीतून तिरपा उजेड आला की रंगाच्या गुठळीचीसुद्धा बारीक सावली पडते, हे आमच्या पोरांनी पाहायचे कुठे? मूळ चित्र आहे त्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांना कोण नेणार आहे? शिवाय ऑगस्ट १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे रंगवलेल्या पंधरा फुलांच्या या चित्राची पुनरावृत्ती खुद्द व्हॅन गॉगनेच जानेवारी १८८९ मध्ये केली आणि ती आज अ‍ॅमस्टरडॅममध्ये मानाने टांगलेली आहे. चित्रकार १८९० मध्ये वारला आणि आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे कायद्याची अडचण नाही.

चित्रकार (वणी तालुका, जि. यवतमाळ)

भाऊ, अ‍ॅमस्टरडॅमच्या चित्राचा दाखला येथे लागू पडत नाही. स्वतःच्या चित्राकडे परत वळणारा चित्रकार प्रत्येक फटकाऱ्यापाशी नव्याने ठरवत असतो; नक्कल करणाऱ्यासाठी सगळे आधीच ठरलेले असते. ‘हाताने रंगवलेले’ या शब्दांवरही फार भिस्त ठेवू नका. चीनमधील शेनझेनजवळच्या डाफेन गावात अशा प्रतिकृतींचा मोठा धंदा उभा राहिला आणि तेथील काही कार्यशाळांत एकाने पार्श्वभूमी, दुसऱ्याने पाने, तिसऱ्याने पाकळ्या अशी कामाची वाटणी होत असे. हात होतेच, पण ते कोणाचे होते हे विकत घेणाऱ्याला कधी कळले नाही. आणि ज्या उठावाचे आपण कौतुक करता, तो उठाव त्या कारागिराने तरी कुठे पाहिलेला असतो? तो फोटो पाहून रंगवतो, म्हणजे जाडी अंदाजाने लावतो.

मी पाट्या रंगवून पोट भरत होतो; फ्लेक्स आले आणि ते काम गेले. त्यामुळे माझ्या मतात थोडा स्वार्थ आहे असे कोणी म्हणाले, तर नाकारणार नाही. पण त्याच पैशात आपल्या भागातला चित्रकार पळस रंगवून देईल, हे देणगीदाराला कोणी सांगितले आहे का?

निवृत्त कलाशिक्षक (दर्यापूर, जि. अमरावती)

नकलेला एवढे हिणवण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिलने केलेल्या तैलरंगातील प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतांश जळाल्या; पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा उभे केले आणि त्यातल्याही अनेक प्रती १८८५ च्या आगीत गेल्या. त्या विद्यार्थ्यांचे हात नकलेवरच तयार झाले. व्हॅन गॉगनेही फ्रान्समधील सें-रेमीच्या रुग्णालयात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापांवरून स्वतःच्या रंगांत चित्रे केली आणि दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी त्या कामाची तुलना केली.

मला खरी अडचण पिवळ्या रंगाची वाटते. त्याने वापरलेला क्रोम यलो उजेडाने काळवंडत जातो, म्हणजे आज लंडनला दिसणारा पिवळा आणि १८८८ चा पिवळा एक नव्हेत. प्रतिकृतीत यातला कोणता असावा?

चित्रकार (वणी)

सर, अजिंठ्याची नक्कल मूळ भिंतीसमोर बसून झाली आणि झिजत चाललेल्या चित्रांची नोंद ठेवणे हा तिचा हेतू होता. येथे भिंतीच्या जागी मोबाइलचा पडदा आहे आणि हेतू खोली सजवण्याचा आहे. मिलेचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे, कारण तेथे रंग त्याचे स्वतःचे होते. नक्कल करायचीच असेल तर रीत उचला. सतराव्या शतकातील डच चित्रकार वेगवेगळ्या ऋतूंतली फुले एकाच फुलदाणीत रंगवत. प्रत्यक्षात तसा गुच्छ एका दिवशी जमणे शक्यच नव्हते. आपल्याकडे फाल्गुनातला पळस, चैत्रातला मोह, दसऱ्याचा झेंडू आणि फुटलेले कापसाचे बोंड एका तांब्यात कोणी रंगवले, तर पोरे त्या चित्रासमोर जास्त वेळ थांबतील.

ग्रंथपाल (साकोली, जि. भंडारा)

वाद चालू द्या, पण चित्र ताजे असेल तर ते कधी टांगणार हे आधी ठरवा. तैलरंगात बहुधा जवसाचेच तेल असते आणि ते पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. जाड थराला त्यासाठी कित्येक महिने लागतात. असे चित्र गुंडाळून पाठवले तर गुठळ्या चेपतात, आणि मग ज्या उठावासाठी ते घ्यायचे तोच जातो. मे महिन्यात कूलरच्या समोरच्या भिंतीवर तर ते मुळीच लावू नये, ओलसर हवेने कॅनव्हास सैल पडतो.

धागाकर्ता

ताई, कूलरची सूचना मान्य. भिंत बदलता येईल. वणीच्या भाऊंच्या तांब्याची कल्पना मला आवडली, पण ती देणगीदाराने देऊ केलेली वस्तू नव्हे. त्यांना मी एवढेच कळवणार आहे की रंगवणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष कॅनव्हासच्या मागे लिहून यावे.

निवृत्त कलाशिक्षक

मागे कोण पाहतो? मूळ चित्रात फुलदाणीवरच ‘व्हिन्सेंट’ अशी सही आहे. ती सहीसुद्धा उतरवून येणार का, हे आधी विचारा. माझ्या मते ती जागा कोरी ठेवावी.

धागाकर्ता

सर, फुलदाणीच्या अंगावरची ती अक्षरे रचनेचाच भाग आहेत. ती गाळली तर मूळ मापाची प्रतिकृती म्हणण्यात काय अर्थ उरला?

चित्रकार (वणी)

सही उतरवली तर दुसऱ्याचे नाव लावल्यासारखे होते आणि गाळली तर आपणच म्हणता तसे चित्र अपुरे राहते. माझा विरोध कायम आहे. तरीही कार्यकारिणीने ते घेतलेच, तर रंगवणाऱ्याच्या नावाची पाटी चित्राखाली समोरच लागावी. ती मी विनामोबदला रंगवून देईन.