मदत हवी आहे: बायकांना बायपासमध्ये धोका जास्त का? (वजन ४८, एचबी ९.६)

मृण्मयी_के:
पेशंट सासूबाई. वय ६३, उंची १५० सेंमी, वजन ४८ किलो. जुना मधुमेह, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१. अँजिओग्राफीत तिन्ही धमन्यांत ब्लॉक, ईएफ (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद) ४५ टक्के. एचबी (हिमोग्लोबिन) ९.६. छातीत दुखतं ते फक्त जिना चढताना, त्यामुळे बायपास तातडीची नाही, महिन्याभरात करा म्हणालेत. "बायकांमध्ये रिस्क जरा जास्त" असं सर्जन बोलले आणि घरात "मग स्टेंटच टाकू या" सुरू झालं. धोका नेमका कशाने वाढतो? त्यातलं काही आपल्या हातात आहे का? गोळ्या: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (रक्त गोठू न देणाऱ्या), मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाच्या).

छातीठोक:
सर्जन खरं तेच बोलले. अमेरिकेतल्या २०११ ते २०२० मधल्या बायपासची नोंदवही तपासली तेव्हा शस्त्रक्रियेतले मृत्यू पुरुषांत १.७ टक्के, बायकांत २.८ टक्के निघाले. या दहा वर्षांत तफावत काही मिटली नाही. कारणं बरीच आहेत. धमन्या बारीक असतात, त्यामुळे टाके घालणं अवघड जातं. बायका येतात उशिरा, तोवर वय आणि मधुमेह दोन्ही वाढलेले. शिवाय आमच्या, म्हणजे सर्जनांच्या, बाजूचंही आहे: छातीतली मॅमरी धमनी वापरण्याऐवजी पायाच्या शिरांवर भागवणं बायकांत जास्त होतं.

पण म्हणून स्टेंट? नाही. मधुमेह आणि एकाहून जास्त धमन्यांत ब्लॉक अशा पेशंटांवरच २०१२ ची फ्रीडम चाचणी झाली. ५ वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक: स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के, बायपासवाल्यांत १८.७. स्ट्रोक तेवढा बायपासमध्ये जास्त होता, तो मुद्दा घरच्यांनी जरूर विचारावा.

पंपवाला:
तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ९.६ आहे. ऑपरेशनभर हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या (पंपाच्या) नळ्या आधी सलाईनसारख्या द्रवाने भराव्या लागतात, साधारण १२०० मिली. ते सगळं पेशंटच्या रक्तात मिसळतं.

हिशोब करा. किलोला ६५ मिली धरलं तर ४८ किलोच्या बाईंचं रक्त ३१२० मिली. एचबी ९.६ म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के) २९ च्या आसपास, म्हणजे लाल पेशी सुमारे ९०५ मिली. त्यात १२०० मिली पाणी घाला, हिमॅटोक्रिट २१ वर येतं. ८० किलोचा, हिमॅटोक्रिट ४२ असलेला पुरुष त्याच मशीनवर ३४-३५ ला राहतो. मशीन तेच, नळ्या त्याच! इतकं पातळ झालं की किडनीला त्रास होतो, रक्त चढवावं लागतं, आणि त्याचे वेगळे उपद्व्याप. याच बाईंचं एचबी १२ करून नेलं तर आकडा २६ वर थांबतो. शिवाय नळ्यांतलं पाणी पेशंटच्याच रक्ताने मागे ढकलून काढता येतं (आम्ही रॅप म्हणतो), लहान सर्किट लावता येतं. पेशंट ५० किलोच्या आतला असेल तर हे विचाराच.

मृण्मयी_के:
लोहाच्या गोळ्या आजपासून सुरू केल्या तर महिन्यात १२ होईल?

छातीठोक:
गोळ्यांनी महिन्यात इतकं होणं कठीण, आणि आधी कारण शोधा. फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (दोन्ही लोहाच्या तपासण्या), बी१२, क्रिएटिनिन (किडनीसाठी) करून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ घसरतं. त्यात शाकाहारी असतील तर हमखास बघायचं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र चालू आहे, तेव्हा शौचातून रक्त जातंय का तेही तपासा.

लोह कमी निघालं तर शिरेतून. नेहमीच्या सूत्राने (वजन × (१५ − एचबी) × २.४ + ५००) तूट ११०० मिग्रॅच्या घरात येते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज (शिरेतून द्यायचं लोह) एकदम सगळं देत नाहीत. या वजनाला ५०० मिग्रॅ, आठवड्याने पुन्हा ५००, हॉस्पिटलातच. एचबी चढायला ३-४ आठवडे लागतात, म्हणून याच आठवड्यात हलायला हवं. पण मधेच बसल्या जागी दुखायला लागलं तर एचबीची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी.

ऑपरेशनआधी क्लोपिडोग्रेल ५ दिवस बंद, डापाग्लिफ्लोझिन ३ दिवस बंद (साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस होतो, म्हणजे रक्तात आम्ल साचतं), ॲस्पिरिन सहसा चालू. तारखा सर्जनकडून लिहून घ्या, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

फाईलवाली:
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. रेशन कार्ड, आधार, अँजिओची सीडी घेऊन आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा माणूस) आधीच भेटा. बायकांच्या फाईली अडतात त्या नावावर: एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. लोहाच्या त्या महिन्यात हेही उरकून टाका.

आणि "बघू, दिवाळीनंतर" होऊ देऊ नका. दिल्लीच्या एम्समधला २०११ चा अभ्यास आहे: हृदयाचं ऑपरेशन सांगितलेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांचं वर्षभरात झालं, मुलींपैकी ४४ टक्क्यांचंच. मोठ्या बायकांचं तर त्या स्वतःच पुढे ढकलतात.

ओटी_सिस्टर:
पुढून हुक असलेली, तार नसलेली सुती ब्रा आधीच आणून ठेवा, एक साइझ मोठी. स्तनांच्या वजनाने मधली जखम दोन्हीकडे ताणली जाते, खालच्या टोकाला घाम साचतो आणि मधुमेहात तिथूनच पू व्हायला लागतो. ६ ते ८ आठवडे २-३ किलोच्या वर काही उचलायचं नाही. यात भरलेला कुकर, पाण्याची कळशी आणि कणीक मळणंही आलं. डिस्चार्ज कार्डावर "जड उचलू नये" एवढंच असतं, आणि दहाव्या दिवशी बाई पोळ्या लाटत असते. फिजिओच्या तारखाही मागून घ्या, बायकांना त्या कमी दिल्या जातात.

मृण्मयी_के:
फेरिटिन, बी१२ उद्याच करते. सर्जनना नेमकं काय विचारू?

छातीठोक:
डावी मॅमरी पुढच्या मुख्य धमनीला जोडणार ना? बीटिंग हार्ट (हृदय चालू ठेवून, मशीनशिवाय) की पंप? बीटिंग हार्टमध्ये पाणी मिसळण्याचा प्रश्नच नाही, पण बारीक धमनीवर हलत्या हृदयात टाके घालायला हात सरावलेला लागतो. मधेच पंपावर जावं लागलं तर धोका आणखी वाढतो. म्हणून "तुम्ही नेहमी कसं करता?" असंच विचारा. पंपावर असेल तर रॅप करता का, तेही. फेरिटिनचा रिपोर्ट आला की इथे टाका.