कलेजीच्या कॅप्सूल, लोहाची कमतरता आणि दुसऱ्या बाळाचा विचार: जाणकारांचा सल्ला हवा आहे

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या पत्नीचे वय ३४ असून येत्या सहा महिन्यांत दुसऱ्या बाळाचा आमचा विचार आहे. गेल्या महिन्यातल्या रक्ततपासणीत तिचे हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) ९ आले, म्हणून डॉक्टरांनी लोहाची, म्हणजे फेरस सल्फेटची, ३२५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. त्या गोळीने बद्धकोष्ठता आणि मळमळ होऊ लागल्याने दहा दिवसांत ती कपाटात गेली, आणि त्याच सुमारास जिममधल्या मैत्रिणीने गाईच्या कलेजीच्या, म्हणजे गोठवून वाळवलेल्या यकृताच्या भुकटीच्या, कॅप्सूलची बाटली आणून दिली. आता रोज सकाळी सहा कॅप्सूल सुरू आहेत.

बाटलीवर ‘सहा कॅप्सूल, ३००० मिलिग्रॅम’ एवढेच छापले आहे. त्यात लोह किती आणि जीवनसत्त्व अ किती, याचा आकडा कुठेच नाही. म्हणून मी स्वतः हिशेब मांडला, आणि तो चुकला असल्यास कृपया दुरुस्त करावा. ताज्या यकृतात साधारण ७० टक्के पाणी असते, म्हणजे ३ ग्रॅम भुकटी ही जेमतेम १० ग्रॅम ताज्या कलेजीइतकी, एका लहान फोडीएवढी भरते. गाईच्या १०० ग्रॅम कच्च्या यकृतात सुमारे ५ मिलिग्रॅम लोह असते, त्यामुळे सहा कॅप्सूलमधून तिला अर्धा मिलिग्रॅम मिळत असावे. तिच्या वयाच्या स्त्रीची रोजची गरज १८ मिलिग्रॅम आणि गरोदरपणात २७ मिलिग्रॅम आहे. कपाटात पडलेल्या त्या एका गोळीत मात्र ६५ मिलिग्रॅम लोह आहे. कलेजीतले लोह अंगी जास्त लागते, असे मैत्रीण सांगते आणि ते काही अंशी खरेही आहे, पण अर्धा मिलिग्रॅम पूर्णच्या पूर्ण शोषला गेला तरी तो अर्धाच राहणार.

बाटलीसोबतच्या पत्रकात १९३४ सालच्या नोबेल पारितोषिकाचा दाखला आहे. व्हिपल, मायनॉट आणि मर्फी यांना पंडुरोगावरील यकृतोपचारासाठी ते मिळाले, हे खरे आहे. मात्र मायनॉट आणि मर्फी यांच्या रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खावे लागे, आणि त्यांच्या आजारात गुण आला तो यकृतातल्या बी-१२ मुळे, हे पत्रकात नाही. बी-१२ च्या बाबतीत या कॅप्सूल नक्कीच उपयोगी आहेत, हे मी मान्य करतो. पण पत्नीचे बी-१२ तपासणीत व्यवस्थित आले आहे.

माझी खरी काळजी जीवनसत्त्व अ ची आहे. यकृतात ते रेटिनॉलच्या रूपात असते, शरीरात साठून राहते, आणि अतिरेक झाल्यास गर्भाला व्यंग येऊ शकते. तेही पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा दिवस गेल्याचे अनेकदा कळलेलेही नसते. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम आहे. कॅप्सूलमधून सुमारे ५०० जात असावेत, म्हणजे एकट्या कॅप्सूलने ही मर्यादा ओलांडली जात नाही. परंतु पत्नी प्रीनेटल, म्हणजे गरोदरपणासाठीची जीवनसत्त्वांची, गोळीही घेते, आणि साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला की ‘रक्त वाढायला कलेजी खा गं’ हे ठरलेले असल्यामुळे दर रविवारी आमच्याकडे कलेजी फ्राय होतेच. १०० ग्रॅम बकरी-मेंढीच्या यकृतात रेटिनॉल सहज ७००० मायक्रोग्रॅमच्या घरात जाते. हिशेब करता करता लक्षात आले की बाटलीपेक्षा आमची कढईच अधिक धोक्याची ठरते! ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदर स्त्रियांना यकृत आणि यकृताचे पदार्थ पूर्ण टाळायला सांगते.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशी पूरके विकण्यापूर्वी ती गुणकारी असल्याचे सरकारला दाखवून द्यावे लागत नाही, त्यामुळे बाटलीतल्या मजकुरावर माझा फारसा विश्वास नाही. यूएसपी किंवा एनएसएफ या पूरकांची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या संस्थांची खूणही तिच्यावर नाही. आमच्या घरी बोकड चालतो, गाय चालत नाही. पण ‘हे औषध आहे’ म्हणून पत्नीने तो मुद्दा निकालात काढला आहे, त्यात मी पडत नाही.

विचारायचे आहे ते असे. फेरस सल्फेट सोसत नसलेल्या कुणी, डॉक्टरांशी बोलून, ती गोळी एक दिवसाआड घेऊन पाहिली आहे का, आणि त्याने त्रास कमी होऊन फेरिटिन वाढले का? दुसरे म्हणजे, दिवस राहण्याच्या किती आधीपासून कलेजी आणि या कॅप्सूल बंद कराव्यात, याबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांनी तुम्हाला काय सांगितले? आमची भेट तीन आठवड्यांनी आहे आणि तोवर मला ‘बंद कर’ एवढेच म्हणून वाद घालायचा नाही.

भर: प्रीनेटल गोळीत जीवनसत्त्व अ कोणत्या रूपात आहे, असे एका सदस्यांनी विचारले होते. आताच बाटली पाहिली. एकूण ७७० मायक्रोग्रॅम असून त्यातला निम्मा भाग बीटा-कॅरोटीन (भाजीपाल्यातले रूप), निम्मा रेटिनॉल आहे. या रविवारी कढईत कलेजीऐवजी खिमा आहे. सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.