ड्रॉप बारचे लिव्हर आणि केबल डिस्क ब्रेक: जोडी कशी जमवू?

कात्रजकर: नमस्कार मंडळी. माझ्या हायब्रिड सायकलला शिमानो एम३७५ केबल डिस्क (तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक) आहेत, रोटर (ब्रेकची चकती) १६० मिमी. २०० किमीच्या बीआरएमसाठी (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) ड्रॉप बार (खाली वळलेलं हँडल) बसवलाय. मित्राकडून ८ स्पीड शिमानो क्लॅरिसचे लिव्हर (रोड सायकलचे, ब्रेक आणि गिअर एकत्र) मिळाले. दुकानदार म्हणाला, "केबल ती केबलच, बिनधास्त लावा." आता लिव्हर पार बारला टेकतो तरी ब्रेक धड लागत नाही. बजेट ३,००० रुपये. काय बदलू?

घाटवेडा: थेट हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक) घ्या. माझे आहेत, ताम्हिणीच्या उतारावर भर पावसात दोन बोटांत सायकल थांबते. थोडे थांबा, पैसे साठवा, पण घ्याच.

कात्रजकर: दादा, ३,००० रुपये!

नटबोल्ट: रोड सायकलचा लिव्हर केबल कमी ओढतो, एमटीबीचा (माउंटन बाइकचा) जास्त. एम३७५ एमटीबी लिव्हरसाठीचा कॅलिपर (रोटरवर पॅड दाबणारा भाग) आहे. त्यामुळे पॅड रोटरवर आवळण्याआधीच क्लॅरिसची चाल संपते. एक तर रोडचे कॅलिपर घ्या: टीआरपी स्पायर, टेक्ट्रो सी५५०, शिमानो आर३१७. नाहीतर हेच ठेवून टेक्ट्रो आरएल५२० लिव्हर लावा, ते ड्रॉप बारचे असून जास्त केबल ओढतात. पण त्यांत गिअर नाहीत, बार-एंड शिफ्टर (हँडलच्या टोकाला बसणारे गिअरचे खटके) वेगळे घ्यावे लागतील. फ्रेम पोस्ट माउंट (कॅलिपर बसवायची एक पद्धत) आहे ना, ते आधी बघा.

सह्यसायकल: स्पायरच! त्यात दोन्ही पॅड हलतात. तुमच्या कॅलिपरमध्ये एकच हलतो आणि रोटरला दुसऱ्यावर दाबतो.

डोंबिवलीकर: रोडचेच घ्या, +१. एव्हिड बीबी७ सुद्धा रोड आणि एमटीबी असे वेगवेगळे येतात. मला एका दुकानाने एमटीबीवाले खपवले आणि परत घ्यायला साफ नकार दिला. खोक्यावरचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनी_रॅले: डिस्क हवेतच कशाला? रिम ब्रेकवर आम्ही कसारा कितीदा उतरलो. पॅड चांगले असले की झालं.

पेडलपुणे: केबलची आउटर (बाहेरचं आवरण) दबते, त्यात जोर वाया जातो. गिअरची आउटर टाका, दबत नाही आणि स्वस्त पडते.

नटबोल्ट: अजिबात नको! गिअरच्या आउटरमधल्या तारा उभ्या असतात, ब्रेकच्या जोराने आउटर फाटते. उतारावर असं झालं तर जिवावर बेतेल. न दबणारी आउटर खास ब्रेकसाठीची मिळते, तीच घ्या. आणि क्लॅरिसच्या लिव्हरवर ब्रेकची केबल ताणायचा स्क्रू नसतो. कॅलिपरवरही नसेल तर मधे इनलाइन ॲडजस्टर बसवा.

सह्यसायकल: पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एमटीबीचा असेल तर क्लॅरिसशी जमणार नाही, तेही बघा. मागचा ८ स्पीडचा चालतो.

कात्रजकर: सर्वांचे आभार. फ्रेम पोस्ट माउंट आहे, पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आहे, म्हणजे पुढच्या डिरेलरचा प्रश्न नाही. ठरलं: फक्त पुढे एक आर३१७ आणि ब्रेकची चांगली आउटर. उतारावर खरं काम पुढचाच ब्रेक करतो. मागे एम३७५ राहू दे, पॅड रोटरच्या अगदी जवळ आणून ठेवतो.

नटबोल्ट: मला हे पटलेलं नाही. मागचे पॅड थोडे झिजले की लिव्हर पुन्हा बारला टेकेल. निदान प्रत्येक घाटाआधी दाबून बघा.

घाटवेडा: अजूनही सांगतो, हायड्रॉलिक.

डोंबिवलीकर: पुढचा एम३७५ विकणार का? व्यक्तिगत निरोप करा.