निर्वासितांना आधी काम द्यावं की आधी छाननी व्हावी?

गोदाकाठ
होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्यांना रवांडाला धाडायचं ब्रिटनने ठरवलं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते बेकायदा ठरवलं, पुढच्या वर्षी नव्या सरकारने योजनाच गुंडाळली. युगांडासारखा गरीब देश मात्र २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करू देतो, वस्तीत कसायला जमीनही देतो. माणूस आलाय हे मान्य करा, नोंद करा, लगेच काम करू द्या. वर्षानुवर्षं छावणीत बसवलेली माणसं समाजात मिसळणार कशी?

बागाईतदार, पिंपळगाव
अजिबात पटलं नाही. कोलंबियाने व्हेनेझुएलाच्या लोकांना दहा वर्षं राहू दिलं, तेव्हाही विनापरवाना आलेल्यांसाठी ३१ जानेवारी २०२१ ही मर्यादा आखली होती. आणि नोंद कशाच्या आधारावर करणार? कागदांचा काय भरवसा? आपल्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी २०२५ मध्ये एसआयटी नेमावी लागली. शिवाय सुरगाणा-पेठहून बागेत येणाऱ्या मजुराचं काय? पहिली कुऱ्हाड त्याच्या रोजावर पडेल.

सातपूरची ताई
दादा, मजुरीचा दर पडतो तो बिनकागदाच्या माणसामुळे. त्याला तक्रार करता येत नाही, म्हणून ठेकेदार निम्म्यात राबवून घेतो. कागद दिला की ठेकेदाराचा हा फायदाच संपतो.

गोदाकाठ
ताईंचं बरोबर आहे. आपलं नाशिकचं शरणपूरच बघा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ख्रिस्ती मिशनने इथे ठेवलं, शाळेत घातलं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत शोधमोहिमा काढणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत लंडनला गेला. हाताला काम होतं म्हणून ती मुलं उभी राहिली.

बागाईतदार, पिंपळगाव
ती मोजकी होती, आणि त्यातली बरीच पुढे आफ्रिकेत, मोंबासाजवळ फ्रेरेटाउनला गेली. इथे मुरली कुठे? २०१५ मध्ये जर्मनीत एका वर्षात नऊ लाखांच्या आसपास माणसं आली, तिथे ६०० तासांचे भाषावर्ग चालवायची ताकद तरी आहे. आपली १९५१ च्या निर्वासित करारावर सही नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. मला एवढंच सांगा, छाननीत जो निर्वासित ठरला नाही आणि ज्याला त्याचा देशही परत घेत नाही, त्याचं काय करायचं?

गोदाकाठ
जर्मनीत अशांना 'डुल्डुंग' मिळतं. हद्दपारी ठरावीक मुदतीपुरती थांबते, परवानगी घेऊन कामही करता येतं. उपाशी ठेवल्याने तो परत जाणार नाहीच, उलट लपून राबेल.

बागाईतदार, पिंपळगाव
आणि ती मुदत वाढवत वाढवत वर्षं निघून जातात. मग छाननी करायची तरी कशाला?