म्यूझस्कोअरमध्ये तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे एक बार कसा करायचा? (मुखडा नवव्या मात्रेपासून)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमासाठी मुलांकडून केदारमधली एक बंदिश वाजवून घ्यायची आहे. मध्यलय तीनताल (सोळा मात्रांचं आवर्तन, चार-चारचे विभाग), मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) खालीपासून (जिथे टाळीऐवजी हात हलवतात) म्हणजे नवव्या मात्रेवर. मुलं व्हायोलिन आणि कीबोर्ड शिकणारी, सगळी स्टाफ (पाच रेघांचं पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचणारी. भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन समोर ठेवलं की चेहरे कोरे. म्हणून बंदिश म्यूझस्कोअर ४ या स्टाफ लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतो आहे. सा डी धरलाय, की सिग्नेचर दोन शार्पची.

अडचणी अशा:

पहिली, आकड्यांची. ४/४ (बारला चार मात्रा) घेतलं की प्रत्येक विभाग एक बार होतो आणि आवर्तनाला चार आकडे पडतात. तालमीत मी 'तिसऱ्या आवर्तनापासून घ्या' म्हणतो, मुलं बार तीनवर बोट ठेवतात, आणि तो तर पहिल्याच आवर्तनातला खालीचा विभाग! म्हणून १६/४ करून पाहिलं. आकडे जागेवर आले, पण विभागांच्या रेषा गेल्या. सोळा मात्रांची सलग रांग बघून मुलं मोजत बसतात.

दुसरी, मुखड्याची. १६/४ मध्ये पहिल्या बारला आठ मात्रांचे विराम आणि मग मुखडा असं लिहिलंय. वाजवायला लावलं की आधी आठ मात्रा शुकशुकाट. तो बार आठ मात्रांचा कसा करायचा? आणि स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) परत घेताना रिपीटनंतर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) बरोबर पडायला हवी. सध्या पडत नाही.

मेन्यूंची नावं इंग्रजीत आहेत तशीच सांगितली तरी चालेल.

*

पेटीवाला:

आधी मुखडा, कारण तिथे नोटेशन गमवायची भीती आहे. बारमधल्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं की मेझर प्रॉपर्टीज मिळतं. त्यात दोन लांब्या दिसतात: नॉमिनल म्हणजे टाइम सिग्नेचरनुसार असायला हवी ती, आणि ॲक्च्युअल म्हणजे त्या बारची खरी. ॲक्च्युअल ८/४ करता येतं, पण तुमच्या फाइलवर ते करू नका. बार शेवटाकडून कापला जातो. म्हणजे विराम राहतील आणि मुखडाच उडेल.

त्याऐवजी नववी मात्रा निवडा, टूल्समध्ये मेझर्स, त्यात स्प्लिट. बारचे आठ-आठचे दोन तुकडे होतील. विरामांचा तुकडा निवडून कंट्रोल-डिलीट. उरलेल्या मुखड्याच्या बारवर मेझर प्रॉपर्टीजमध्ये 'एक्स्क्लूड फ्रॉम मेझर काउंट'वर टिक करा, म्हणजे समेचा बार १ नंबरचा होईल.

आता सम. मुखडा आठ मात्रांचा आहे, तर रिपीटच्या आधीचा शेवटचा बारही आठच मात्रांचा हवा. तुमचा तो पूर्ण सोळाचा असणार. मग रिपीटला सोळा अधिक आठ अशा चोवीस मात्रांनी सम येते. शेवटच्या बारलाही नवव्या मात्रेवर स्प्लिट करा आणि रिपीट पहिल्या तुकड्याला लावा. अंतराही खालीपासून असेल तर दुसरा तुकडा त्याच्या उठावाला वापरा, त्यालाही एक्स्क्लूडची टिक. दोन अर्धे मिळून एकच नंबर खर्च होतो.

विभागांसाठी १६/४ च्या आत तुटक बारलाइन टाकता येते. विभागाची पहिली मात्रा निवडायची आणि पॅलेटमधली तुटक रेषा लावायची.

कमी लांबीच्या बारच्या कोपऱ्यात बारीक वजाचं चिन्ह दिसेल, जास्त लांबीच्यावर अधिकचं. घाबरू नका, छापताना येत नाही. (पलुसकर पद्धतीत खालीला अधिकचं चिन्ह असतं, त्यामुळे गांधर्ववाल्या आमच्या एका विद्यार्थ्याने तिथेच हात हलवला होता.)

*

तिहाई:

मुखड्याबद्दल पेटीवाल्यांशी सहमत. पण केदारसाठी १६/४ घेऊ नका असं माझं मत.

स्टाफ पद्धतीत एखाद्या स्वराला लावलेला शार्प बार संपेपर्यंत चालू राहतो, आणि आतली तुटक रेषा नुसती दिसण्यापुरती, तिने शार्प तुटत नाही. केदारला दोन्ही मध्यम. तुमच्या सा नुसार शुद्ध मध्यम जी आणि तीव्र म्हणजे जी शार्प. तिसऱ्या मात्रेवर तीव्र आला की त्याच आवर्तनात बाराव्या मात्रेच्या शुद्ध मध्यमाला नॅचरलचं चिन्ह लागणारच. लिहिताना संगणकाच्या कीबोर्डवर नुसतं जी दाबलंत तर तोही तीव्रच पडेल, कारण बार तोच आहे. खरी बारलाइन असेल तर हा प्रश्न विभागापुरता राहतो, आणि वाचणाऱ्या मुलांनाही तेच सोपं.

म्हणून ४/४ च ठेवा. समेचा बार सोडून बाकी तिन्ही विभागांना एक्स्क्लूडची टिक. नंबर आपोआप आवर्तनाचे होतात. मुखड्याचे सुरुवातीचे दोन बारही एक्स्क्लूड. शिवाय तुमचा मुखडा विभागाच्या सुरुवातीलाच उठतो, त्यामुळे ॲक्च्युअलला हातसुद्धा लावायला नको. रिपीटआधी दोन विभाग ठेवले की झालं. सातव्या मात्रेपासूनची बंदिश असती तर पहिला बार दोन मात्रांचा करावा लागला असता.

टिका एकेका बारला द्याव्या लागतात हे खरं. पण मेझर प्रॉपर्टीजच्या खिडकीतच पुढच्या-मागच्या बारवर जायचे बाण आहेत, खिडकी बंद न करता सरकत जा. मी दहा-बारा आवर्तनांचा रिकामा साचा असा करून ठेवलाय, नवीन बंदिशीला त्याचीच प्रत काढतो. ओळ समेपासून सुरू होईल अशी तोडा, नाहीतर ओळीच्या सुरुवातीला नंबर दिसणार नाही.

*

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. ४/४ चं पटलं. नॅचरलच्या चिन्हांनी पान भरलेलं मी कालच पाहिलं होतं, कारण आत्ता कळलं. चोवीस मात्रांचा हिशोबही तंतोतंत जुळला.

एक उपप्रश्न: पुढची बंदिश झपतालात आहे. तिथे विभाग २-३-२-३, मग दर बारला टाइम सिग्नेचर बदलायची?

*

तिहाई:

नको, पान गजबजून जाईल. १०/४ घ्या, टाइम सिग्नेचरच्या प्रॉपर्टीजमध्ये वरच्या आकड्याच्या जागी २+३+२+३ असा मजकूर द्या, आणि दुसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेनंतर स्प्लिट करत जा. सम सोडून बाकीच्यांना टिक इथेही. समेची खूण आणि खालीचं शून्य कंट्रोल-टी ने स्टाफ टेक्स्ट म्हणून वर लिहा. सहाव्या मात्रेवरचं शून्य विसरू नका, मुलं तिथेच घसरतात.